भाकरीनं वजन वाढत नाही, आणि भाकरीनं उतरतपण नाही

साताऱ्यात कुणालापण विचारा, वजन उतरवायचंय काय करू, पहिलं उत्तर ठरलेलं, गहू बंद कर आणि भाकरी चालू कर. त्यातपण दोन पार्ट्या. एक म्हणणार ज्वारी थंड असती ती खा, दुसरी म्हणणार बाजरी गरम, बाजरीनं चरबी वितळती. मला याची गंमत वाटते कारण माझं सासर माण तालुक्यातलं, तिथं पिढ्यानपिढ्या ज्वारी-बाजरीच खाल्ली, गव्हाची चपाती फक्त सणाला नायतर पाहुणा आला तर, आणि तरीपण आज आमच्या भावकीतले निम्मे लोक शर्टाची शेवटची दोन बटणं ओढूनताणून लावतात. भाकरीनं वजन उतरत असतं तर आख्खं दहिवडी सडपातळ असायला हवं होतं की नाही?

आकडे बघितले तर ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, गव्हाचं पीठ, तिन्ही 100 ग्रॅमला साधारण 320 ते 360 कॅलरीच्या घरात. प्रोटीन तिन्हीत 10-11 ग्रॅमच्या आसपास. बाजरीत लोह जास्त, ज्वारी-बाजरीत ग्लूटेन नाही, भाकरी थापताना तेल लागत नाही आणि घडीच्या चपातीला लागतं, हे फरक आहेत, नाही असं नाही. पण आमच्याकडं भाकरी म्हंजे ताटाच्या कडेला टेकणारी, एका भाकरीला 60-70 ग्रॅम पीठ सहज जातं, म्हंजे सव्वादोनशे कॅलरी झाल्या, आणि अशा तीन खाऊन उठायचं आणि वर म्हणायचं मी तर चपाती सोडलीये. 2023 हे मिलेट वर्ष झाल्यापासून तर दुकानात मिलेट बिस्किटं, मिलेट चिवडा, मिलेट कुकीज यांचा पूर आलाय, पाकीट उलटं करून घटक वाचा, बऱ्याचदा पहिल्या तिनात मैदा, साखर आणि पामतेल बसलेलं असतं आणि बिचारी नाचणी कुठंतरी शेवटी.

माझं म्हणणं एवढंच आहे की भांडण भाकरी-चपातीचं नाहीच. भांडण भाकरी आणि कोरड्यासाच्या, म्हंजे भाकरीसोबतच्या भाजी-आमटीच्या, प्रमाणाचं आहे. आपल्याकडं कोरड्यास हे भाकरी घशाखाली उतरावी म्हणून असतं. तीन भाकऱ्या आणि चिमूटभर ठेचा, दोन भाकऱ्या आणि पळीभर पातळ आमटी, त्यात डाळ शोधावी लागते. सकाळी सहाला रानात जाऊन उन्हं उतरेपर्यंत खुरपणी-भांगलण करणाऱ्या बाईला हे जेवण बरोबर होतं, तिला कॅलरी लागायच्या आणि डाळ महाग होती. आता तीच तीन भाकऱ्यांची सवय घेऊन आपण एमआयडीसीत, बँकेत, शाळेत खुर्चीत बसतोय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली आहाराच्या नव्या सूचना काढल्या त्यातपण हेच आहे, धान्यातून येणाऱ्या कॅलरी एकूणच्या 45 टक्क्यांच्या वर नकोत आणि डाळी-कडधान्यं-मांसाहार यातून 15 टक्क्यांच्या आसपास याव्यात. आपल्या ताटात धान्य बऱ्याचदा 60-70 टक्क्यांवर जातं. तेव्हा भाकरी ठेवा, बिनधास्त ठेवा, पण कोरड्यासाला भाकरी लावून खा, भाकरीला कोरड्यास लावून नको.

प्रोटीनचा हिशोब सांगते कारण मला हाच सगळ्यात जास्त विचारला जातो. साधारण माणसाला किलोमागं 0.83 ग्रॅम प्रोटीन रोज लागतं असं आपल्याकडचं प्रमाण आहे. 65-66 किलोची बाई असेल तर 55 ग्रॅम झालं. व्यायाम करत वजन उतरवणाऱ्यांना त्याहून जास्त सांगतात, किलोला 1.2 किंवा त्याच्याही पुढं, कारण कमी खाताना शरीर चरबीबरोबर स्नायूपण मोडतं आणि ते मोडू द्यायचे नसतात. आता 55 ग्रॅम ऐकायला जास्त वाटतं. तर बघा, एक ज्वारीची भाकरी 6 ग्रॅम, सुक्या घेवड्याची उसळ जरा मोठी वाटी, म्हंजे कोरडा घेवडा 40 ग्रॅम धरला तर 9 ग्रॅम, वाटीभर दही 4-5 ग्रॅम. झालं, एका जेवणात वीस. आणि ही काही डाएटची थाळी नाही, ही कोरेगावच्या कुठल्याही घरात मिळेल. घेवडा तर आपला स्वतःचा, कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन आहे, आणि आपण रील बघून अव्होकाडो शोधत फिरतोय. (घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि कुकरला नीट शिजवा. अर्धाकच्चा राजमा-घेवडा पोट बिघडवतो, त्यातलं लेक्टिन नीट उकळल्याशिवाय जात नाही. लोक मग म्हणतात घेवडा वातूळ आहे बाई, सोसत नाही.)

हुलगा, म्हंजे कुळीथ, हा तर माझा लाडका विषय. 100 ग्रॅमला 20-22 ग्रॅम प्रोटीन, तंतू भरपूर, किंमत डाळीपेक्षा कमी, आणि आपण तो बैलाचं खाद्य म्हणून बाजूला टाकला. आमच्या आत्या, म्हंजे माझ्या सासूबाई, पावसाळ्यात माडगं करतात, भाजलेल्या हुलग्याचं पीठ ताकात कालवायचं, लसूण-जिरं-मिरची ठेचून फोडणी आणि उकळी येईपर्यंत हलवत राहायचं. गुळाचं माडगं वेगळं, ते बाळंतिणीला नायतर थंडीत. संध्याकाळी सात वाजता ताकातलं माडगं वाटीभर प्यालं की नऊ वाजेपर्यंत फरसाणाच्या डब्याकडं हात जात नाही, हा माझा अनुभव. पाटण-कऱ्हाडकडचं उडदाचं घुटं तसंच, मूठभर डाळ नाही तर घट्ट डाळच डाळ, त्यात तेल नावाला. अंडी खाणाऱ्यांचं तर सोपंच, एका अंड्यात 6 ग्रॅम, सकाळी दोन उकडून खाल्ली की पोह्याची मोठी प्लेट लागत नाही, अर्धी पुरते. आणि सोयाबीन. सातारा-सांगली पट्ट्यात रानच्या रान सोयाबीन पिकतं, सगळं तेल गिरणीला जातं, घरात मात्र एक दाणा येत नाही. गव्हाच्या दळणात थोडं सोयाबीन टाका, किलोला 100 ग्रॅम, भाजून, कुणाला कळतपण नाही.

आता तेल. इथं मात्र मी कुणाचं ऐकत नाही.

एक काम करा. घरात महिन्याला किती तेल येतं ते आठवा आणि माणसांनी भागा. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याला संपत असेल, आणि असा डबा आपल्याकडं कितीतरी घरात संपतो, तर माणशी रोजचं 40 मिलीच्या वर झालं, म्हंजे जवळपास 350 कॅलरी. दीड भाकरीच्या कॅलरी, ज्या ताटात दिसतच नाहीत, पोटपण भरत नाही त्यानं. एक ग्रॅम फॅटला 9 कॅलरी, प्रोटीन आणि कार्ब्जला 4, एवढं एक वाक्य पाठ केलं तरी पुष्कळ आहे. करडईचं घ्या, शेंगदाण्याचं घ्या, घाण्याचं घ्या, लाकडी घाण्याचं 300 रुपये देऊन घ्या, चवीला चांगलं, पण कॅलरी तेवढ्याच. मला लोक विचारतात कुठलं तेल चांगलं, मी म्हणते कमी.

आणि तेलाच्या मागोमाग येतो दाण्याचा कूट. हे आपल्या भागाचं खरं दुखणं आहे, कारण आपण कूट मसाल्यासारखा वापरतो, मेथीत कूट, वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आमटी पातळ झाली तर कूट, म्हाद्या तर नुसता कूटच. शेंगदाणा वाईट नाही, 100 ग्रॅमला 25 ग्रॅम प्रोटीन आहे त्यात, पण 49 ग्रॅम फॅटपण आहे आणि कॅलरी साडेपाचशेच्या वर. मूठभर, 30 ग्रॅम, म्हंजे 170 कॅलरी. मी घरात छोटा वजनकाटा आणला तेव्हा आत्यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांचा कूट डब्यातून वाटीत आणि वाटीतून कढईत न बघता पडतो, हाताला सवय आहे ती पन्नास वर्षांची. मी म्हटलं आत्या फक्त काट्यावर ठेवून बघू दे, चार माणसांच्या दोडक्याच्या भाजीत किती पडतोय. त्या तोंड फिरवून म्हणाल्या, "सोनं मोजत्यात काट्यावर, कूट न्हाय." काट्यावर आला 120 ग्रॅम, आणि तेल वेगळं. म्हंजे दोडक्याच्या भाजीत दोडका पाहुणा होता. आता आमच्यात तह झालाय, कूट त्यांच्याच हातानं पडतो, पण वाटी मी निवडते. छोटी.

चहाचं पटकन सांगते. दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर, झाले आठ चमचे, 30-35 ग्रॅम तर इथंच गेली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. यावर लगेच उत्तर येतं आम्ही गुळाचा चहा पितो. गूळ कऱ्हाडच्या गुऱ्हाळातला असला, सेंद्रिय असला, काळा असला तरी कॅलरीला साखरेला लागूनच आहे, 100 ग्रॅमला 380 च्या आसपास. लोह थोडं असतं पण त्यासाठी जेवढा गूळ खावा लागेल तेवढा खाऊ नका. चव आवडती म्हणून प्या, औषध म्हणून नको. उपवासाचंपण तसंच, साबुदाणा हा नुसता स्टार्च आहे, प्रोटीन जवळपास शून्य, त्यात कूट आणि तूप आणि वर बटाटा, आणि दुपारी झोप. संकष्टी-एकादशीला वजन कमी होईल या आशेवर असलेल्यांनी भगर, ताक, राजगिऱ्याची भाजी चालत असेल तर ती, असं काहीतरी बघा.

आता व्यायामाकडं येते कारण सातारकर या बाबतीत हुशार आहेत असं त्यांना वाटतं. पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला, चार भिंतीला, यवतेश्वरच्या घाटात किती गर्दी असती बघा, खरंच कौतुक वाटतं, हिल मॅरेथॉनमुळं तर पळणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली इथं. पण रविवारी किल्ला उतरून खाली आलं की ग्रुपची गाडी कुठं वळते? मिसळीला. किल्ला चढून-उतरून तासाभरात 70 किलोच्या माणसाच्या 300-400 कॅलरी जातात, आणि फरसाण, तर्री, दोन पाव, वर एक्स्ट्रा पाव आणि साखरेचा चहा मिळून त्याच्या पुढं सहज जातं. मिसळ खाऊच नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः खाते, पण "आज किल्ला केलाय, आज चालतंय" हे वाक्य बोलून जो खातो त्याचं वजन किल्ल्यानं वाढतं. मटकी जास्त मागा, तर्री वेगळी वाटीत मागा, एक पाव. मटकी चांगलीच आहे.

आणि बायकांनो, नुसतं चालू नका. चालणं उत्तम, शुगरला उत्तम, डोक्याला तर फारच उत्तम, पण चाळिशीच्या पुढं स्नायू घटायला लागतात आणि ते वजन उचलल्याशिवाय टिकत नाहीत. जिमला जायला लाज वाटत असेल तर घरात उठाबशा, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या दोन कॅनी भरून उचलणं, काहीपण. दंड वाढतील, पुरुषासारखी दिसशील हे ऐकलं की मला हसू येतं, दंड एवढे सोपे वाढत असते तर तालमीतल्या पोरांनी एवढा घाम गाळला असता का?

तालमीवरनं आठवलं, खुराक. आपल्या जिल्ह्याला पैलवानकीचा अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत पदक आणलं. पण त्यामुळं झालं काय, प्रत्येक घरात पोराला पैलवानाचा खुराक देण्याची हौस. म्हशीचं दूध, लोणी, तूप, बदामाची थंडाई. माझे कऱ्हाडचे मामा तरुणपणी तालमीत होते, रोज शेकड्यानं जोर-बैठका, वर माती उकरायची, लढत करायची, तेव्हा ते सगळं जिरत होतं. तालीम सुटली, नोकरी लागली, खुराक काही सुटला नाही. म्हशीच्या दुधात फॅट 6-7 टक्के, गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट, त्यात मामांचा पेला आपल्या पेल्यासारखा नाही, तांब्याच म्हणायचा. डॉक्टरनी कंबर मोजली आणि मामा डॉक्टरवरच रागावले. साय काढून प्या, एक कप प्या, आणि दुधापेक्षा दही-ताकावर या, एवढं सांगायला घरातल्या तीन माणसांना एक आख्खी दिवाळी लागली.

कंबर मोजण्याचं खरंच महत्त्वाचं आहे. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 23 च्या पुढं गेला की जास्त वजन धरतात, 25 ला लठ्ठपणा, गोऱ्या लोकांचे आकडे आपल्याला लागू नाहीत, कारण आपल्याकडं हातपाय बारीक आणि चरबी पोटात साठते. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बाईची 80 च्या आत. टेप बेंबीच्या वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता (हे मामांना सांगावं लागलं). काट्यावर रोज चढू नका. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून व्हॉट्सॲप स्टेटस टाकतात ना लोक, त्यातलं बरंचसं पाणी असतं, कमी खाल्लं की शरीरातलं साठवलेलं ग्लायकोजेन संपतं आणि त्याच्यासोबतचं पाणीपण जातं. एक किलो चरबी म्हंजे साधारण 7700 कॅलरी. रोज 400-500 कमी गेल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. हाच वेग, याच्यापेक्षा जास्त कुणी सांगत असेल तर ते काहीतरी विकतंय.

आमच्या कॉलनीतपण सकाळी शेकचा क्लब चालतो. जेवणाच्या जागी 200 कॅलरीचं पेय प्यायला लावलं तर वजन उतरणारच, त्यात जादू कसली, त्या पैशात महिनाभर घरात अंडी आणि पनीर आलं असतं. शेक बंद झाला की जेवण परत पहिल्यासारखं आणि वजनपण. साधी प्रोटीन पावडर वेगळी, ती बऱ्याचदा दुधापासूनच काढतात, ज्याला जेवणातनं जमतच नाही त्यानं घ्यावी, पाप नाही ते.

आणि डाएटचे पंथ तर काय सांगू. आमच्या घरात जाऊबाई दिवेकरवाल्या, दर दोन तासांनी थोडं खा, तूप घाला. मोठे दीर दीक्षितवाले, दिवसातनं दोनदाच जेवण, 55 मिनिटांत संपवायचं, मधे काही नाही. एकाच स्वयंपाकघरात हे दोन्ही चाललेलं बघितलंय मी, एकजण उठतोय तोवर दुसरीचा डबा उघडतोय, आत्या म्हणायच्या तुम्ही दोघं मिळून दिवसभर चूल पेटती ठेवा. दोघांचंही वजन उतरलं सुरुवातीला, कारण दोघांचाही येताजाता चिवडा-लाडू-चहा बंद झाला होता. ज्याला जे निभावतं ते त्यानं करावं, मला दोनदा जेवून डोकं दुखतं म्हणून मी तीनदा जेवते. फक्त शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलायच्या आधी डॉक्टरला विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि किडनीचा त्रास असेल तर हे वरचं प्रोटीनपुराण तसंच्या तसं उचलू नका.

जत्रेचं काय करायचं असं मागं एका मैत्रिणीनं विचारलं होतं, कारण चैत्रात गावोगाव यात्रा, आज हिच्या माहेरची, उद्या तिच्या सासरची, आणि सगळीकडं मटण. मटण खा की! वर्षभर प्रोटीन नाही म्हणून ओरडायचं आणि ताटात आलं की डाएट आहे म्हणायचं, असं करू नका. फोडी खा, पातळ रस्सा प्या, वरचा लाल तवंग पळीनं बाजूला करा, भाकरी दीड, आणि भात घेऊ नका, कारण जत्रेत भात आला की परत रस्सा येतो आणि रस्सा आला की परत भात. वाढणारी मावशी आग्रह करणारच. तिला फोड मागा, तीपण खूश.